नकाशालाही फेरफार हवा

आमच्या परळच्या चाळीत जिन्याखालच्या भिंतीवर गेरूच्या चार रेघा आहेत. सगळ्यात वरची २००५ची, तिच्याखालोखाल २०१७ची. उरलेल्या दोन कुठल्या सालच्या यावर अजून एकमत नाही. तळमजल्यावरच्या एका गिरणी कामगाराने त्या ओढायला सुरुवात केली. पाणी ओसरलं की भिंतीवर चिखलाची कड राहते, ती धुऊन जायच्या आत तिच्यावरून गेरू फिरवायचा, एवढंच. मे महिन्यात सामान पोटमाळ्यावर चढवताना कोणी ना कोणी त्या रेघांपुढे थबकून म्हणतंच, ‘छे, त्या वर्षी पाणी एवढं नव्हतं.’ मग दुसरा आपल्या कपाटाचा कुजलेला पाय पुरावा म्हणून दाखवतो. अशाच एका वादात एक रेघ चार बोटं खाली आली. जुनी कोणी पुसली नाही. तिच्यावर काट मारली आणि शेजारी नवी ओढली.

मुंबईच्या पुराचा याहून भरवशाचा नकाशा मी पाहिलेला नाही, असं म्हटलं तर ते जरा आगाऊपणाचं होईल. सरकारकडे उपग्रहाची चित्रं आहेत, पावसाचे आकडे मिनिटामिनिटाला येतात, पाणी कुठे तुंबेल याची गणितं संगणक मांडतो, आमच्याकडे गेरू. पण आमची रेघ कोणी ओढली ते चाळीत पोरासोरांना ठाऊक आहे, ती येताजाता दिसते, आणि ती चुकली तर भांडायला जागा आहे. सरकारी पडद्यावरच्या रंगीत नकाशाशी भांडायचं म्हटलं तर कुठे जायचं? या लेखाचा विषय तेवढाच आहे.

नाव जड असलं तरी भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे सगळे जिला जीआयएस म्हणतात ती, समजायला सोपी आहे. पूर्वी आर्किटेक्ट ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून काम करायचे. तसेच हे थर. एका थरावर जमिनीची उंची, दुसऱ्यावर गटारं, तिसऱ्यावर घरं, चौथ्यावर माणसं. प्रत्येक ठिपक्याला अक्षांश-रेखांश असतात आणि ठिपक्याच्या पोटात माहितीचा तक्ता. एकट्या थराकडे जे उत्तर नसतं ते थर जुळवले की मिळतं. उधाणाची साडेचार मीटरची भरती आणि तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस एकाच वेळी आले तर कुठल्या गल्लीत किती पाणी चढेल, आणि त्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली माणसं किती, हा प्रश्न अशा जुळवणीशिवाय विचारताच येत नाही.

मुंबईला तो विचारायची गरज किती होती हे २६ जुलै २००५ने दाखवलं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७४च्या आसपास. शहर एक, मधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. ‘मुंबईत किती पाऊस पडला’ हा प्रश्न त्या दिवशी निरर्थक होता. कुठे पडला, एवढंच विचारण्यासारखं होतं. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, विहार-पवईपासून माहीमच्या खाडीपर्यंत जाणारी मिठी नदी शहराला नव्याने आठवली, ‘ब्रिमस्टोवॅड’ हा १९९३पासून पडून असलेला पर्जन्य जलवाहिन्यांचा आराखडा धूळ झटकून बाहेर काढला गेला. जून २०२०मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने आणि महापालिकेने ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर इशारा यंत्रणा सुरू केली. पाऊस, भरती, जमिनीचा उतार, नाले, वस्ती हे सगळे थर एकत्र करून सहा तासांपासून तीन दिवस आधीपर्यंत इशारा देणं हा तिचा हेतू. महापूर ते ही यंत्रणा, मधे पंधरा वर्षं गेली. तरी ती आली याचा मला आनंदच आहे. नकाशांना माझा विरोध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. नकाशांचं मला वेड आहे. घरात लोकांचे देव असतात तिथे माझ्याकडे गुंडाळ्या आहेत.

गावाकडे दोन गुंठे का होईना जमीन असलेल्या माणसाला (आणि लालबाग-परळात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही) फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, समजावून सांगावा लागत नाही. खरेदी झाली, वारस लागले, बोजा चढला की तलाठी नमुना सहाच्या वहीत नोंद घालतो. त्या तलाठ्याचं नाव सरकारने आता ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, पण गावात त्याला अजून तलाठी आप्पाच म्हणतात. नोंद घातली म्हणून ती लगेच पक्की होत नाही. चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना कळवलं जातं, पंधरा दिवस हरकतीला मिळतात. हरकत आली तर तिची वेगळी वही आहे, तिथे सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यावरही प्रांताधिकाऱ्याकडे अपील आहे. आणि सातबारावरचं जुनं नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात, म्हणजे पन्नास वर्षांनी नातवाला आजोबांच्या जमिनीचं काय झालं ते वाचता येतं. या रीतीत दिरंगाई आहे, चिरीमिरी आहे, भाऊबंदकीची निम्मी महाभारतं याच वहीतून निघतात, हे मलाही ठाऊक आहे. तरी कल्पना पाहा केवढी मोठी आहे: सरकारने तुमच्याविषयी काही लिहिलं तर ते तुम्हाला दाखवायचं, तुमचं म्हणणं ऐकायचं, आणि कोणी, केव्हा, काय बदललं याचा माग ठेवायचा.

मुंबईचे नवे डिजिटल नकाशे या रीतीतून सुटले आहेत. शेताच्या एका बांधासाठी पंधरा दिवसांची नोटीस, आणि अख्खी वस्ती ‘पूरप्रवण’, ‘दरडप्रवण’, ‘झोपडपट्टी’ किंवा नुसती कोरी दाखवायला कुणालाच विचारायचं नाही. माझं मागणं एका ओळीचं आहे. ज्या थराच्या आधारे सरकार निर्णय घेणार, त्या थराला फेरफार असला पाहिजे.

नकाशाला कायद्याचा कणा मिळाला की काय होतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांची तोड थांबवली. कांदळवन हा सरकारी शब्द. आमच्या कोळी-आगरी शेजाऱ्यांची ती तिवरं. न्यायालय तोडबंदीवर थांबलं नाही. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडून उपग्रहाच्या चित्रांवरून तिवरांचे नकाशे करून घेतले गेले, सरकारी जमिनीवरची तिवरं संरक्षित वन म्हणून घोषित करून वनखात्याकडे द्यायला आणि महसुली दप्तरात तशी नोंद करायला सांगितलं गेलं. २०१२मध्ये त्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला आणि सप्टेंबर २०१८मध्ये अंतिम निकाल आला. उपग्रहाचं चित्र तोवर अहवालाच्या पुरवणीत झोपलेलं असे. इथे ते दप्तरात शिरलं, म्हणजे पुढच्या माणसाला ‘इथे तिवरं नव्हतीच’ असं म्हणायला कागद उरला नाही. भराव टाकणारे डंपर आजही रात्री येतात, नाही असं नाही. पण सकाळी तक्रार करणाऱ्याच्या हातात आता तारखेचा नकाशा असतो, आणि कोर्टात तो चालतो.

आता दुसरी बाजू. नकाशाला प्रमाण असतं, ही शाळेत शिकलेली आणि लगेच विसरलेली गोष्ट. किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नकाशे १:२५,००० या प्रमाणावर होतात, स्थानिक पातळीवर १:४,०००. पहिल्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. अर्ध्या मिलिमीटरची बारीक रेघ ओढली तरी तिची जाडी साडेबारा मीटर होते. नरिमन पॉइंटच्या समुद्रकाठी साडेबारा मीटर म्हणजे पदपथ आणि थोडा कठडा. वरळीच्या किंवा माहीमच्या कोळीवाड्यात साडेबारा मीटर म्हणजे तीन घरं, एक बोळ आणि बोंबील वाळत घालायची वलांडी. भरतीरेषा त्या रेघेच्या अलीकडच्या कडेला धरायची की पलीकडच्या, यावर घराची दुरुस्ती कायदेशीर की बेकायदा हे ठरतं. १:४,०००चा नकाशा असेल तर तीच रेघ दोन मीटरची होते आणि वाद पुष्कळ मिटतो. पण संगणकाची एक खोड आहे. १:२५,०००वर काढलेली रेघ पडद्यावर मोठी मोठी करत नेली तरी ती बारीकच दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय अचूक काम आहे. कागदी नकाशा निदान आपली जाडी लपवत नव्हता.

कोळीवाड्यांचंच आणखी पाहू. चाळीसच्या आसपास कोळीवाडे असलेल्या या शहरात त्यांच्या हद्दी ठरवायचं काम वर्षानुवर्षं चालूच आहे. २०११च्या सीआरझेड अधिसूचनेत बृहन्मुंबईतले कोळीवाडे नकाशावर आणून त्यांना वेगळं स्थान द्यायची स्पष्ट तरतूद होती. अडचण ही की मोजणीदाराला ‘कोळीवाडा’ म्हणजे घरं वाटतात. कोळणीला विचारा. तिच्यासाठी वाळवणाची जागा कोळीवाडा आहे, होड्या ओढून ठेवायची जागा कोळीवाडा आहे, जाळी शिवायचा पार कोळीवाडा आहे. तिथे छप्पर नाही, म्हणून वरून काढलेल्या चित्रात ती ‘मोकळी जागा’ दिसते. आणि मुंबईत मोकळी जागा दिसली की काय होतं ते सांगायला नको.

जमिनीचं निदान तेवढं तरी दिसतं. समुद्र नकाशावर सरसकट निळा. किनारा रस्त्याच्या वेळी वरळीच्या मच्छीमारांनी सांगितलं की पुलाच्या दोन खांबांमध्ये साठ मीटर अंतर ठेवलं तर खडबडीत पाण्यात होड्या खांबावर आपटतील. त्यांनी दोनशे मीटर मागितले. आंदोलनं झाली, काम अडलं, शेवटी एकशे वीसवर तोड निघाली. तोड योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. मला त्रास होतो तो क्रमाचा. कुठून होडी निघते, कुठल्या महिन्यात वारा कुठून येतो, जाळी कुठे लागतात हा थर त्यांच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार होता. आराखडा करताना तो मागितला असता तर एका बैठकीत मिळाला असता. खांबांचं काम सुरू झाल्यावर तो मोर्च्याने आला.

पाण्याची जुनी वाट तर मुंबईने गावनावांतच लिहून ठेवली आहे. पायधुणीला ओहोटीचं पाणी ओलांडून आलेला माणूस पाय धुवायचा. उमरखाडीला खाडी होती. धोबीतलावाला तलाव होता. खार हे नावच खारं. हे सगळं बुजवून आपण वर शहर बांधलं आणि पावसाळ्यात पाणी जुन्या पत्त्यावर परत येतं तेव्हा त्याला ‘तुंबणं’ म्हणतो. हिंदमाता बशीसारखी खोलगट आहे हे दाखवायला उपग्रह लागत नाही. तिथल्या चौकीतल्या मुकादमाला कुठलं चेंबर आधी उलटं मारतं ते झोपेतही सांगता येईल. पाणी उपसणारी उदंचन केंद्रं झाली, मैदानांखाली साठवण टाक्या झाल्या, फरकही पडला. पण नालेसफाईच्या मुकादमाचं म्हणणं नोंदवायला महापालिकेच्या थरांत एखादा रकाना ठेवलेला आहे का, हे मी चारचौघांना विचारलं. लोक हसले.

सरासरीचीही एक गंमत सांगायला हवी, कारण बैठकीतल्या पडद्यावर नकाशे बहुतेक वॉर्डवार रंगवलेले असतात. एम पूर्व वॉर्ड घ्या. २०११च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक वस्ती. त्यात देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला टेकलेलं शिवाजीनगर आहे आणि त्यातच झाडीने भरलेली अणुशक्तीनगरची वसाहतही आहे. दोघांना मिळून एक रंग. तो रंग शिवाजीनगरला खोटा ठरतो आणि अणुशक्तीनगरलाही. वर आकडे २०११चे, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. रंग ताजा, माहिती शिळी. मासे बाजारात बर्फ नवा टाकून कालचा पापलेट विकतात तसं.

आणि २०१५चा विकास आराखडा. २०३४पर्यंतच्या मुंबईचा मसुदा फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला आणि लोकांनी तो उघडून आपापली गल्ली शोधली. उभ्या इमारतींतून रस्ते गेलेले. गावठाणं, कोळीवाडे, आदिवासी पाडे यांचा पत्ता कुठे नीट नाही. साठ हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून चुका दुरुस्त करायला सांगितलं, आणि सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. यावरून नेहमी दोन धडे काढले जातात. एक, तज्ज्ञ नालायक. दोन, लोकांना विचारलं की काम लांबतं. मला दोन्ही पटत नाहीत. जी मोजणी करायला माणसं आणि पैसा लावूनही चुका राहिल्या, त्या चुका लोकांनी फुकटात, काही आठवड्यांत शोधून दिल्या. तोटा झाला तो हरकती शेवटी घेतल्याने. सध्याच्या जमीनवापराचा थर तयार झाला तेव्हाच तो वॉर्डावॉर्डात भिंतीवर लावला असता तर साठ हजार हरकती आराखड्यावर आल्याच नसत्या. फेरफाराची वही रोज चालते. वीस वर्षांतून एकदा उघडत नाही.

चुकीच्या रंगापेक्षाही मला कोऱ्या जागेची जास्त भीती वाटते. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले; शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न माणसं बेपत्ता होती. दुसऱ्या दिवशी सरकारकडून सांगण्यात आलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. ते खरंच होतं, आणि त्यात कोणी खोटं बोलत नव्हतं. पण यादी ज्या कामासाठी करतात ते काम तिथे उलटं झालं. यादीत नाव नसणं म्हणजे ‘पाहिलं आणि धोका नाही’ की ‘पाहिलंच नाही’, हे यादी सांगत नाही. नकाशावर दोन्ही पांढरेच. मोजणीखात्याच्या जुन्या नकाशांवर जिथे मोजणी झाली नाही तिथे तसं लिहीत. आजच्या प्रत्येक थरावर हा तिसरा रंग सक्तीचा करा: तपासलेलं नाही. आणि ठाकरवाडीतल्या म्हाताऱ्याला डोंगर यंदा वेगळा वाजतोय असं वाटलं, तर ती हरकत नोंदवायला तालुक्याला चार खेपा घालाव्या लागू नयेत.

मुंबईच्या टेकड्यांवर मात्र यादी असूनही माणसं मरतात, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. १८ जुलै २०२१ला चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात एका रात्रीत तीसच्या आसपास माणसं गेली. दर पावसाळ्याआधी उतारावरच्या वस्त्यांना नोटिसा लागतात: जागा धोकादायक आहे, स्थलांतर करा. कुठे करा, ते नोटिशीत नसतं. लोक ती नोटीस घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवतात, कारण तीच उद्या राहत असल्याचा पुरावा होईल. मरणाच्या इशाऱ्याचा मालकीचा कागद करावा लागतो, ही मुंबईची करामत.

इथे माझ्या मागण्याची सगळ्यात दुखरी जागा येते. नकाशावर यावं असं प्रत्येकाला वाटतच नाही. का वाटावं? १८९६मध्ये मांडवीत प्लेग उघड झाला आणि आरोग्य खात्याची माणसं घराघरांवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं रंगवत फिरली. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याची पहिली योजना नागपाड्याची. दाट, अंधारी वस्ती पाडली, पुढे प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँडहर्स्ट रोड झाला, हवा आली. पाडलेल्या घरातली माणसं शेजारच्या चाळीत दाटीने शिरली, म्हणजे रोगट वस्तीचा नकाशा शेजारी सरकला. रोग शोधायला केलेली खूण माणसं हलवायला वापरली, ही आठवण या शहराच्या हाडात आहे. आज धारावीत ड्रोन आणि लेझरने मोजणारं लायडार घेऊन मोजणी झाली, घराघराला क्रमांक पडले. मोजणी सफाईदार आहे, त्यात शंका नाही. पण दारातल्या बाईला लायडारशी देणंघेणं नसतं. १ जानेवारी २०००च्या आधीचा पुरावा आहे का आणि आपण माळ्यावरचे की तळचे, यावर पात्र-अपात्र ठरणार हे तिला पक्कं ठाऊक असतं. तिच्या दृष्टीने क्रमांक रंगवणारा हात प्लेगच्या वेळचाच.

म्हणून फेरफाराबरोबर एक कुंपणही हवं. जीव वाचवण्यासाठी गोळा केलेला थर घर पाडण्यासाठी किंवा पात्रता ठरवण्यासाठी वापरता येणार नाही. त्यासाठी वेगळी नोटीस, वेगळी सुनावणी. पुराच्या थरात ‘इथे पाच माणसं झोपतात’ असं सांगणाऱ्याला ते सांगितल्याची शिक्षा होणार नाही एवढी हमी नसेल, तर कोणी खरं सांगणार नाही, आणि मग कितीही महागडी प्रणाली आणा, तिच्या पोटात खोटंच जाईल.

लोक स्वतःची मोजणी करतात तेव्हा खरं सांगतात, याला पुरावा आहे. १९८५मध्ये स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या आसपासच्या पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना केली. तोवर सरकारच्या लेखी ती माणसं अडथळा होती, कुटुंब नव्हती. पुढे महिला मिलन आणि जोकिन अर्पुतम यांच्या झोपडपट्टीवासीयांच्या महासंघाने ही रीत रेल्वेच्या रुळांलगतच्या वस्त्यांत नेली. पुनर्वसनाच्या याद्या वस्तीतल्या बायकांनी खडू आणि वही घेऊन केल्या, वाद गल्लीतच मिटवले. पुण्यात प्रतिमा जोशी यांच्या शेल्टर असोसिएट्सने जीआयएस वस्त्यांत नेऊन कुठल्या घराला शौचालय नाही आणि मैलावाहिनी किती फुटांवर आहे हे घरनिहाय दाखवलं, आणि त्यावरून घरोघरी शौचालयं झाली. तंत्र तेच. प्रश्न विचारणारा बदलला होता.

आक्षेप येतील. गल्ली पुराच्या रंगात दाखवली तर फ्लॅटचे भाव पडतील, हा त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी उघडपणे बोलला जाणारा आक्षेप. पडतील, आणि बिल्डरांइतकेच आमच्यासारख्यांचेही पडतील. पण घेणाऱ्याला पाणी पहिल्या पावसात कळतंच. फक्त तोवर चेक वटलेला असतो. सुरक्षेचा आक्षेप आता फारसा टिकत नाही. १५ फेब्रुवारी २०२१च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांना नकाशे करायला पूर्वपरवानगीची अट काढून टाकली, २०२२मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. गटाराचा उतार हे लष्करी गुपित नाही. आणि खोट्या हरकतींचा पाऊस पडेल म्हणाल, तर तलाठ्याच्या वहीतही खोट्या हरकती येतात. म्हणून कोणी वही बंद केली नाही.

याच शहराने २०१८च्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजार झाडं मोजली, जात आणि जागेसह. ज्या यंत्रणेला प्रत्येक भेंडीच्या झाडाचा ठिपका ठेवता येतो, तिला प्रत्येक ठिपक्यापुढे ‘कोणी नोंदला, केव्हा, कोणी हरकत घेतली, काय ठरलं’ एवढे चार रकाने जड जायचं कारण नाही. दर एप्रिलमध्ये ज्या-त्या गल्लीचा नकाशाचा तुकडा १:१,०००च्या प्रमाणावर छापून चौकीच्या भिंतीवर लावा, मराठीत, डोळ्यांच्या उंचीवर. पंधरा दिवस. संकेतस्थळावर टाकलं म्हणजे दाखवलं, हा समज सोडा. आमच्या मुकादमाकडे स्मार्टफोन आहे, पण तो नकाशा पाहायला नाही, हजेरी लावायला.

आमची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. पुढच्या वर्षी ती भिंत पडेल. मी रेघांची उंची टेपने मोजायला गेलो तेव्हा लक्षात आलं की समोरचा रस्ता काँक्रीटचा होताना वर आला आहे, म्हणजे रस्त्यापासूनचं माप उद्या कुणाच्याच उपयोगाचं नाही. ओळखीच्या एका सर्व्हेअरने ती मापं टाउन हॉल डेटमशी, ज्या पातळीवरून मुंबईची गटारं मोजली गेली त्या पातळीशी, जोडून दिली. आता एका कागदावर चार उंच्या आहेत, चार सालं आहेत, त्यातल्या दोन सालांपुढे ‘वाद’ असा शेरा आहे, आणि खाली तळमजल्यावरच्या सहा बिऱ्हाडांच्या सह्या. कागद घेऊन मी एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी तो नीट वाचला, कौतुकाने मान हलवली आणि विचारलं, ‘हे नक्की कुठल्या खात्याला द्यायचं?’ मी म्हटलं, तेच विचारायला आलोय.